बासरीखालचा आवाज

आमच्या भावोजींना रस्त्यावर एकटं सोडायची सोय राहिलेली नाही. समोरून एखादा धिप्पाड, मिशाळ गृहस्थ आला की हे वाटेतच थांबतात, त्याच्याकडे मायेने बघतात आणि विचारतात, काय, आता कुत्र्याची भीती गेली का? त्या गृहस्थाने ह्यांना जन्मात पाहिलेलं नसतं. ह्यांनी मात्र त्याला मागच्याच आठवड्यात पाहिलेलं असतं, अर्ध्या चड्डीत, सोफ्यामागे लपून भोकाड पसरताना. मग मला पुढे होऊन सांगावं लागतं की बाबा रे, घाबरू नकोस, तुझ्या आईने जुन्या कॅसेट दिल्या होत्या ना, ते हेच. एकदा बँकेच्या रांगेत त्यांनी एका बाईंकडे त्यांच्या घरातल्या पडद्यांची चौकशी केली. ते हिरवे पडदे काढून टाकलेत की आहेत अजून? बाईंचा नवरा शेजारीच उभा होता. त्या दिवशी भावोजी थोडक्यात वाचले.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, मिस्टर. मी मागच्याच गल्लीत राहते, कपडे शिवते, आणि दिवसातून एकदा तरी त्यांच्याकडे डोकावल्याशिवाय मला करमत नाही. मेहुणी म्हणून त्यांची चेष्टा करायचा हक्क मला ताईच्या लग्नात मिळाला आणि तो मी आजवर एक दिवसही वाया घालवलेला नाही.

त्यांचा धंदा आता असा, की लोकांच्या माळ्यावर, पलंगाखाली, ट्रंकेत पडलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट घ्यायच्या आणि त्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये भरून द्यायच्या. घराची पुढची खोली त्यासाठीच आहे. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर जुने व्हीसीआर एकावर एक, काहींची झाकणं उघडी, पोटातली चाकं दिसतायत. आता ही यंत्रं कुणी बनवत नाही. भावोजी कुठून कुठून मेलेली यंत्रं उचलून आणतात आणि तीन मेलेल्यांतून एक जिवंत उभं करतात. खोलीला सतत स्पिरिटचा वास, कारण कॅसेट लावण्याआधी यंत्राचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, मऊ कापडाने पुसायचा आणि एक कॅसेट संपली की पुन्हा पुसायचा. ओल लागलेल्या घरातल्या फितीवर पांढरी बुरशी धरते. ती तोंडाला रुमाल बांधून, खिडकी उघडून, फीत हळूहळू फिरवत साफ करायची. हे काम करताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नाही, म्हणून मी मुद्दाम तेव्हाच बोलते.

या धंद्यात घाई करायची सोय नाही. कॅसेट दोन तासांची असेल तर ती उतरायला दोन तासच लागतात. बाकीचे लोक यंत्र चालू करून बाजारात जाऊन येतात. भावोजी कानाला हेडफोन लावून समोर बसतात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बघतात. कुणाचा कोण जाणे काका दाढी करतोय, तेही बघतात. मी म्हणायची, भावोजी, तुम्ही म्हणजे लष्करच्या भाकऱ्या भाजताय. त्यावर ते एक कान मोकळा करायचे, 'हं' म्हणायचे आणि पुन्हा झाकून घ्यायचे. का बसतात ते मला नंतर कळलं, आणि कळल्यावर माझी चेष्टा जरा आवरती झाली.

त्यासाठी आधी ताईच्या आवाजाबद्दल सांगायला हवं.

भावोजी पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचे. खांद्यावर भलामोठा कॅमेरा, आणि मागे दिवा धरायला ताई. नुसता दिवा धरून गप्प उभी राहील तर ती ताई कसली. पाहुण्यांना कॅमेऱ्यासमोर हाकून आणायचं काम तिचंच होतं. अहो काका, पोट आत घ्या. ए मुला, नाकातलं बोट काढ. तिने मांडवाच्या या टोकाहून हाक मारली की त्या टोकाचा माणूस हातातली बशी खाली ठेवायचा. मोठा आवाज होता, पण कर्कश नव्हता. रागावली तरी ऐकत राहावंसं वाटायचं, आणि ती बऱ्याचदा रागावलेलीच असायची, त्यामुळे आमचं कान भरून ऐकणं झालं.

पुढे गळ्याचा आजार निघाला. माझी भाची, म्हणजे ताईची एकुलती एक लेक, तेव्हा कॉलेजात होती. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, मग जिवाला धोका नाही. काढलं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हाचे फोन नुसते बोलायचे, बोललेलं साठवून ठेवायचे नाहीत. शिवाय जिवाची धाकधूक असताना आवाजाचं कुणाच्या ध्यानात येतं? आता ताई घशाला विजेरीएवढं एक यंत्र टेकवून बोलते. शब्द सगळे कळतात, पण सूर एकच, भुणभुण लागल्यासारखा. चहा घे म्हटलं काय आणि आग लागली म्हटलं काय, सारखंच. ताईला त्या यंत्राचा मनस्वी कंटाळा. ती म्हणते, याने रागावता येत नाही. रागावायला चढउतार लागतो. म्हणून ती एरवी टाळ्या वाजवते. एक टाळी म्हणजे या, दोन म्हणजे जेवण निवलं, आणि तीन वाजल्या की भावोजींनी समजून जायचं.

घरात इतक्या कॅसेट, मग आवाज तर असेलच त्यांत, असं कुणालाही वाटेल. तिथेच खरी मेख आहे.

धंद्याच्या सुरुवातीला एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आत्याने नवरीच्या नाकाबद्दल काढलेले उद्गार कॅमेऱ्यात जसेच्या तसे आले. दोन्ही घरच्या मंडळींनी एकत्र बसून ती कॅसेट पाहिली. पुढे काय झालं असेल ते तुम्ही समजू शकता. भावोजींनी त्या दिवसापासून कानाला खडा लावला. कॅसेटमधला मूळ आवाज ठेवायचाच नाही. सगळ्यावर बासरी. त्यांच्याकडे बासरीच्या संगीताची एक टेप होती, ती ते लग्नाच्या पहिल्या क्षणापासून नवरीच्या डोळ्यातल्या पाण्यापर्यंत एकसारखी घालायचे. लोक खूश, भावोजी खूश. हळूहळू त्यांना वाटायला लागलं की बासरीशिवाय चित्र म्हणजे उघडंबोडकं. मग घरच्या कॅसेटवरही बासरी आली. लेकीचं रांगणं, तिचा शाळेचा पहिला दिवस, आमची तळ्याकाठची सहल, सगळ्यावर तीच ती बासरी. आणि त्या यंत्रात नवा आवाज घातला की जुना पुसला जायचा. खाली काही उरायचं नाही.

त्यामुळे घरच्या सगळ्या कॅसेटमध्ये ताई आहे. हात नाचवत, डोळे वटारत, कुणाला तरी चांगलीच झापतेय. आणि ऐकू काय येतं, तर बासरी.

एकाच कॅसेटचा किस्सा वेगळा, आणि तो मी भावोजींना आजवर अनेकदा ऐकवलेला आहे. भाचीचा पाचवा वाढदिवस होता. त्या कॅमेऱ्याला चालू आणि बंद करायला बटण एकच. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. गडबडीत एकदा जास्त दाबलं गेलं आणि पुढचं सगळं उलटं झालं. भावोजींनी केक कापतानाचा सगळा सोहळा एक डोळा मिटून टिपला, तेव्हा कॅमेरा बंद होता. मग समाधानाने बटण दाबून त्यांनी तो बॅगेत ठेवला, तेव्हा तो चालू झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे हौसेने टीव्हीसमोर बसलो. पडदा काळा. भावोजींनी पुढे पळवली, अजून काळा. बॅगेचा अख्खा सिनेमा. ताई इतकी संतापली की ती कॅसेट फेकून देणार होती, पण भावोजींच्या टेबलाचा एक पाय पहिल्यापासून आखूड, त्याच्याखाली तिने ती रागारागाने सारली. नेमकी बसली. टेबल डुगडुगायचं थांबलं. निदान टेबलाच्या तरी कामी आलं तुमचं शूटिंग, असं ती म्हणाली होती, आणि मी ते तिच्यापेक्षा जास्त वेळा म्हटलेलं आहे.

आता मुंगी. मुंगी म्हणजे भाचीची मुलगी. घरात साखर कुठे ठेवली आहे ते तिला न सांगता कळतं, म्हणून मुंगी. ते लोक लांब राहतात, सुट्टीत येतात. मागच्या सुट्टीत मुंगी पहिल्यांदाच चांगली चालती बोलती होऊन आली. ताईने तिच्यासाठी काय काय करून ठेवलं होतं. दारात तिला बघितल्याबरोबर ताईने घाईघाईने यंत्र घशाला लावलं आणि म्हणाली, ये गं माझ्या राणी. मुंगीने जी किंकाळी फोडली ती मागच्या गल्लीत ऐकू गेली असेल. आईच्या मागे लपली, आणि आजीच्या गळ्यात भुंगा आहे म्हणाली. ताईने यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. ती अख्खी सुट्टी तिने ते बाहेर काढलं नाही. नुसती हसायची, मान हलवायची, लांबून बघायची. मुंगी सगळ्यांच्या मांडीवर बसली, ताईच्या सोडून.

ताई आमच्यासमोर रडली नाही. ते लोक परत गेल्यावर तिने मुंगीची बशी धुतली आणि किती तरी वेळ पुसत बसली. भावोजींनी ते पाहिलं. मला म्हणाले, धाकटे, पोरीला वाटतंय तो आवाज यंत्राचा आहे. आत आजी आहे हे तिला कळलंच नाही. एकदा तिला खरा आवाज ऐकवता आला, तर या आवाजातली आजी तिला सापडेल. पुढच्या सुट्टीच्या आत मला तो मिळवायचाय.

तेव्हा मला कळलं, की हेडफोन लावून लोकांच्या काकांची दाढी हा माणूस का बघत बसतो. कुणाच्या तरी घरगुती कॅसेटमध्ये, कुठल्या तरी वाढदिवसाला, मागून ताई एखादं वाक्य बोलून गेली असेल. ते आधीपासूनच कान लावून होते. आता तर त्यांनी ओळखीच्या लोकांकडे जाऊन, जुन्या कॅसेट आहेत का हो, द्या, मी करून देतो, असं दारोदार विचारायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, म्हातारा धंदा वाढवतोय.

घरच्या कॅसेटही त्यांनी पुन्हा काढल्या. ताईच्या ओठांकडे बघत बसायचे. मला बोलवायचे, बघ, इथे ती 'चहा' म्हणतेय. मी म्हणायची, भावोजी, ती 'गाढव' म्हणतेय आणि तुमच्याकडे बघून म्हणतेय. ते हसायचे. पण एकदा हसता हसता त्यांनी यंत्र बंद केलं आणि म्हणाले, हिच्या तोंडावर मीच हात ठेवला गं.

सुट्टी जवळ आली तशी त्यांची झोप उडाली. एके दिवशी सकाळी मी शिवायला बसले होते, तोच त्यांचा फोन. ये, सापडला. मी शिलाई अर्धी टाकून, गळ्यात मापाची टेप तशीच लटकत, धावत गेले. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या घरातली कॅसेट होती. अंगणात मुलं खेळतायत आणि मागून कुणी तरी बाई म्हणते, 'बाजूला व्हा की जरा.' भावोजींनी ते पुन्हा पुन्हा लावलं. स्वयंपाकघरातून ताईला बोलावलं. तिने कान देऊन ऐकलं. मग माझ्याकडे बोट दाखवलं.

तो आवाज माझा होता. आम्हा बहिणींचे आवाज बरेचसे सारखे, तिचा भरीव आणि माझा चिरका एवढाच फरक. भावोजी मटकन खुर्चीत बसले. मला इतकं वाईट वाटलं की मी काही तरी मदत करायची म्हणून बोलून गेले. म्हटलं, एवढं काय त्यात? मीच दोन वाक्यं जरा भरीव आवाजात म्हणते, तुम्ही ती टिपा आणि पोरीला आजीचा म्हणून ऐकवा. तिला काय कळणार?

भावोजी माझ्यावर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले. "पोरीला आजी द्यायची आहे," ते म्हणाले, "फसवायची नाहीये."

ताईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा ठेवायला गेली. मी चहा पिऊन अर्ध्या टाकलेल्या शिलाईकडे परत गेले.

मग आला साफसफाईचा दिवस. भाची यायला दोनच दिवस उरले होते आणि ताईने घर डोक्यावर घेतलं होतं. भावोजींच्या खोलीत एरवी ती झाडू घालत नाही, कारण धूळ उडाली की ते कासावीस होतात. पण लेक येणार म्हटल्यावर त्यांचं कोण ऐकतं. मी ओला फडका घेऊन मागे होते. ताईने टेबलाखाली झाडू खुपसला, जोरात ओढला, आणि टेबल एका बाजूला कललं. वरचे व्हीसीआर खडखडले. भावोजी ओरडले, अगं, कॅसेट चालू आहे, लोकांची आहे! ताईने शांतपणे खाली वाकून ती पायाखालची कॅसेट उचलली. फडक्याने पुसली, पुन्हा जागेवर सारायला वाकली, आणि तशीच थांबली.

ती खाली बसली. कॅसेट उलटीपालटी करून बघत राहिली. मग उठून आत गेली, ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, आणि ती यंत्र घेऊन परत आली. घशाला टेकवलं.

"यावर बासरी नाही," ताई म्हणाली.

खरंच की. चित्रच नाही म्हटल्यावर बासरी घालायची कशावर? ती कॅसेट आम्ही त्या एका दिवशी पाहिली होती, तीही पळवत, आणि पळवताना आवाज येत नाही. त्यानंतर ती आमच्यासाठी कॅसेट राहिलीच नव्हती, टेबलाचा भाग झाली होती. भावोजी दुनियाभर दारं ठोठावत होते, आणि आवाज त्यांच्या पायाशी होता. काखेत कळसा म्हणतात तो हा.

पण इतकी वर्षं त्या टेबलाचा आणि त्यावरच्या यंत्रांचा भार तिने सोसला होता. प्लास्टिकला तडे गेले होते, एका बाजूचं झाकण आत दबलं होतं. अशी कॅसेट यंत्रात घातली तर फीत अडकून चुरगळणार. भावोजींनी लोकांची कॅसेट बाहेर काढली, टेबल पुसलं, हात साबणाने धुतले आणि जाड काचेचा चष्मा लावला. एक नवी कॅसेट खोलून तिचं पोट रिकामं केलं. मग जुनीचे स्क्रू एकेक करून काढले. आतली फीत काळी, गुळगुळीत, जशीच्या तशी होती. फक्त कडेला एका जागी मुडपलेली. तेवढा भाग त्यांनी बोटाने अगदी हळू सरळ केला. दोन्ही चाकं उचलून नव्या कॅसेटमध्ये बसवली. त्या सगळ्या वेळात मी एक शब्द बोलले नाही. ताईने दोनदा माझ्याकडे वळून बघितलं, मी आहे का गेले म्हणून.

मग त्यांनी ती लावली. पडदा काळा. खडखड, बॅगेच्या चेनचा आवाज, आणि मग ती. बॅगेत दबलेली, पण तीच.

"अहो, बंद केलात ना कॅमेरा? उगाच बॅटरी जाईल."

"केला, केला," तरुणपणीचे भावोजी म्हणाले.

मला हसू आलं आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या बॅगेत अख्खी संध्याकाळ होती. ताई कुणाला तरी चपला बाहेर काढायला सांगत होती. कुणाला तरी केकचा मोठा तुकडा घेतल्याबद्दल ऐकवत होती, आणि तो कुणी तरी मीच होते. मग काही तरी पडलं, फुटलं, आणि भाचीचं पाच वर्षांचं रडणं सुरू झालं. त्यावर ताईचा आवाज अगदी खाली आला. सांडलं तर सांडू दे. रडायचं नाही. मी आहे ना.

खोलीत ताई दाराला टेकून उभी होती. स्वतःचा आवाज ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी तेव्हा पाहिलं. ती खूश नव्हती, दुःखीही नव्हती. फार दिवसांनी भेटलेल्या मैत्रिणीला नीट न्याहाळावं तशी ती ऐकत होती.

शेवटी पाहुणे गेले असावेत, कारण भांडी गोळा केल्याचा आवाज आला, आणि आम्ही दोघी बहिणी बॅगेजवळच बसून बोलायला लागलो. मी विचारलं, दमलीस का? ती म्हणाली, "मी कशाची दमते. पण बघ, आज एवढं बोललो, हसलो, यातलं काही राहायचं नाही. यावर पण हे बासरी घालतील." आणि आम्ही दोघी खिदळलो.

भावोजींनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. ताई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

कॅसेटमध्ये ताई लांबून हाक मारत होती. "अहो, जेवायला या. किती वेळ हाका मारायच्या?"

"आलो," भावोजी म्हणाले. कॅसेटमधले नव्हे, खुर्चीतले. आणि सवयीप्रमाणे बसूनच राहिले. 'आलो' म्हणायचं आणि हलायचं नाही, ही त्यांची लग्नापासूनची रीत. ताईने तीन हाका मारल्याशिवाय हा माणूस कधी ताटावर आलेला नाही. कॅसेटमध्येही दुसरी हाक आली, तिसरी अर्धवट आली आणि बॅटरी संपली.

भाची आली. तिने आल्या आल्या ती कॅसेट एकटीने ऐकली आणि आत जाऊन तोंड धुऊन आली. मुंगी मात्र आजीपासून चार हात लांबच होती. मागच्या वेळचा भुंगा ती विसरलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजींनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि तिच्या एवढ्याशा डोक्यावर हेडफोन लावले. आवाज आम्हालाही यावा म्हणून छोटा स्पीकरही चालू ठेवला. ताई दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून. परीक्षेच्या निकालाची वाट बघणारी मुलगीसुद्धा इतकी घाबरलेली मी पाहिलेली नाही.

मुंगीने आधी तक्रार केली की चित्र नाही. भावोजी म्हणाले, सगळे बॅगेत आहेत. तिला ते पटलं. पाय हलवत ऐकायला लागली. चपलांच्या ठिकाणी ती हसली, केकच्या ठिकाणी तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग ते रडणं आलं, आणि भाचीने तिला सांगितलं की ही रडणारी मी आहे, लहान होते तेव्हाची. सांडलं तर सांडू दे. मुंगीचे पाय हलायचे थांबले.

"ही कोण बोलते?" तिने विचारलं.

"आजी," भाची म्हणाली.

मुंगीने वळून ताईकडे पाहिलं. पुन्हा काळ्या पडद्याकडे पाहिलं. विचार करताना ती जीभ बाहेर काढते, तशी तिने काढली.

"आजीचा आवाज बॅगेत राहिला," ती म्हणाली. "म्हणून तिने भुंगा घेतला."

यापेक्षा नीट कुणाला सांगताही आलं नसतं. मुंगीने हेडफोन काढले, खुर्चीवरून उतरली आणि तरातरा आत गेली. साखरेप्रमाणेच तिला ड्रॉवरही ठाऊक होता. दोन्ही हातांनी यंत्र धरून, शरीरापासून जरा लांबच ठेवून, ती परत आली आणि ताईसमोर उभी राहिली.

"तू पण म्हण ना, सांडलं तर सांडू दे."

ताईने यंत्र घशाला लावलं. मुंगीने एका हाताने माझ्या झग्याचा घोळ मुठीत पकडला आणि डोळे गच्च मिटले, पण ती जागची हलली नाही. ताईने ते वाक्य म्हटलं. त्याच एका सुरात, भुणभुणत. रडायचं नाही. मी आहे ना.

मुंगीने एक डोळा उघडला. मग दुसरा. माझा झगा सोडला आणि ताईच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. तिच्या घशावरच्या त्या यंत्राला बोट लावून बघितलं.

"तीच आहे," तिने आम्हाला सांगितलं. मग आजीकडे वळून म्हणाली, "आता आजोबांना रागव."

ताईचं तोंड हसत होतं आणि डोळे वाहत होते. पण काम पडल्यावर माघार घेणारी ती नव्हेच. तिने मान ताठ केली, डोळे वटारले आणि यंत्र नीट टेकवलं.

"अहो, जेवायला या. किती वेळ हाका मारायच्या?"

जेवणं केव्हाच झाली होती. तरीही भावोजी उठले. 'आलो' न म्हणता, एका हाकेत. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच पाहिलं.